कच्च्या मुलांची रांग

कन्हानच्या कोळसा खाणीजवळच्या वस्तीत एक खासगी प्राथमिक शाळा होती. पहिली-दुसरीतल्या निम्म्या मुलांना अक्षरओळखही नव्हती, म्हणून शहात्तर साली सरकारने शाळेला वाचनासाठी अनुदान दिलं. गोष्टींची पुस्तकं आली, तक्ते आले, नव्या सतरंज्या आल्या आणि एक जादा शिक्षिका आली. ती म्हणजे भिवापूरच्या गोपिकाबाई. नवऱ्याने टाकल्यावर माहेरी बसून डी.एड. केलेल्या. म्हाताऱ्या आईला घेऊन त्या वस्तीतच एका खोलीत राहायला आल्या. ही त्यांची पहिलीच नोकरी, आणि ती अनुदान असेपर्यंतचीच होती.

शिकवण्यात त्यांचा जीव रमला. पुस्तक बाजूला ठेवून त्या मुलांच्या घरातली नावं खडूने फरशीवर लिहीत. आपल्या आजीचं नाव वाचायला मिळतंय म्हटल्यावर पोरं एकमेकांना ढकलत पुढे येत. शामलाने पहिला शब्द वाचला तो ‘बायजा’, तिच्या आजीचं नाव. दिवाळीपर्यंत ती रेशन दुकानाची पाटी वाचू लागली, आणि थंडी सरता सरता वर्तमानपत्र. तिचे वडील आनंदराव खाणीत होते. बौद्ध गल्लीतल्या रात्रीच्या वर्गात ते स्वतः जेमतेम सही करायला शिकलेले. पाळी संपली की चहाच्या टपरीवर पोरीला बाकड्यावर उभं करून ते तिच्याकडून ठळक बातम्या वाचून घेत, आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहत.

मार्चमध्ये तपासणी ठरली. मुख्याध्यापक वामनरावांनी गोपिकाबाईंना बोलावून योजनेचा नियम समजावला. मुलं वाचायला लागली की शाळा सुधारली असं धरतात आणि पैसा दुसऱ्या गरजू शाळेकडे वळवतात. म्हणजे सतरंज्या राहतील, बाई जातील. तेव्हा अधिकाऱ्यांपुढे काही मुलं कच्चीच निघायला हवीत.

दुसऱ्या दिवशी वामनरावांनी वर्गात येऊन मुलं स्वतः निवडली. उठवलेली सगळी मुलं बौद्ध गल्लीतली होती. त्यांत शामलाही. गोपिकाबाई त्यांच्यामागे व्हरांड्यात जाऊन हळूच म्हणाल्या की ती तर वर्गात सगळ्यांत पुढे आहे.

“म्हणूनच घेतली. सांगितलेलं लक्षात ठेवेल,” वामनराव म्हणाले. “आणि त्या गल्लीतली मुलं कच्ची आहेत हे साहेबांना पटवावं लागत नाही. ते धरूनच येतात.”

गोपिकाबाई रात्रभर तळमळल्या. सकाळी त्यांनी त्या मुलांना जवळ घेतलं आणि सांगितलं की साहेबांनी विचारलं तर नाही येत म्हणायचं, हे शाळेचं काम आहे, घरी बोलायचं नाही. बाकीच्यांनी माना हलवल्या. शामलाने विचारलं, “काहून, बाई? मले तर येते.” गोपिकाबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि पुन्हा तेच सांगितलं.

तपासणीला पालकांनाही बोलावलं होतं. आनंदराव पाळी बदलून, धुतलेला सदरा घालून पुढच्या सतरंजीवर येऊन बसले. अधिकारी शांत स्वभावाचे होते. त्यांनी शामलाला जवळ बोलावून तक्त्यावरच्या ‘कमळ’ या शब्दावर बोट ठेवलं. तिचे ओठ आपोआप हलले. मग तिने ते घट्ट मिटून घेतले.

“मले नाही येत.”

त्यांनी एकच अक्षर विचारलं. ती तेच म्हणाली. वामनराव हसून म्हणाले की घरी कोणी पुस्तक उघडत नाही, शाळा तरी किती करणार. मागे बसलेली काही माणसंही हसली.

आनंदराव उभे राहिले. “साहेब, माही पोरगी पेपर वाचते. मी रोज ऐकून राहिलो.”

अधिकाऱ्यांनी लगेच गोष्टीचं पुस्तक मागवून शामलाच्या हातात दिलं. शामलाने वडिलांकडे पाहिलं, मग बाईंकडे. “वाच वं शामला,” आनंदराव म्हणाले. तिने पान उघडलं आणि ती रडू लागली.

वामनराव गोपिकाबाईंकडे वळले. “बाई, रोज तुम्ही शिकवता. तुम्हीच सांगा साहेबांना. येतं का हिला?”

आता सगळे त्यांच्याकडे बघत होते. भिवापूरला परत जायचं, भावाच्या दारात आईला घेऊन उभं राहायचं, एवढंच गोपिकाबाईंच्या मनात आलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “अजून येत नाही.”

 आनंदराव खाली बसले. अधिकाऱ्यांनी जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, वाईट वाटून घेऊ नका म्हणाले, अशा मुलांसाठीच तर सरकार पैसा देतं.

घरी गेल्यावर आनंदरावांनी शामलापुढे वर्तमानपत्र ठेवलं. तिने ते न अडखळता वाचलं. मग शाळेत काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा बाईंनी सांगितलं होतं एवढंच ती बोलली. सकाळी ते तिला घेऊन शाळेत आले. वामनरावांनी त्यांना आत घेतलं नाही. व्हरांड्यातच सांगितलं की पोरगी स्वतः म्हणाली, बाई म्हणाल्या, साहेबांनी ऐकलं. आता कोणाकडे जाणार आहात? वर शामला जूनपासून पुन्हा पहिलीतच बसेल, असं बजावलं. आनंदरावांनी कामठीच्या शाळेचा विचार केला, पण नदीवरचा पूल ओलांडून एवढ्याशा पोरीला रोज कोण नेणार. गोपिकाबाई दारातच उभ्या होत्या. जाताना ते त्यांच्यापाशी थांबले.

“तुमची नोकरी राहिली ना, बाई?”

गोपिकाबाईंनी होकारार्थी मान हलवली.

“मंग झाले,” ते म्हणाले आणि निघून गेले.

अनुदान चालू राहिलं. शामला पहिलीत लहान मुलांच्या मागे बसू लागली. तिच्यावर पाळी आली की ती उठून म्हणायची, मले नाही येत. साहेब नसतानाही म्हणायची. एकदा पाण्याच्या टाकीपाशी तिने गोपिकाबाईंना गाठलं आणि विचारलं, “बाई, आता येते म्हणू का?”

पुढची तपासणी तोंडावर आली होती. “थांब थोडी,” गोपिकाबाई म्हणाल्या.

त्या तपासणीला आनंदराव आले नाहीत. शामलाला काही पढवून ठेवावं लागलं नाही. पावसाळ्यात तिची आजी अंथरुणाला खिळली, आई कामावर जात होती, आणि पोरीला घरी ठेवून घेतलं ते कायमचंच. टपरीवरच्या बाकड्यावरही ती पुन्हा कधी उभी राहिली नाही. वडील वाच म्हणत, आणि ती मान हलवून नकार द्यायची.

गोपिकाबाईंनी तिच्या घरी जायचं मनात आणलं, गल्लीच्या तोंडापर्यंत त्या गेल्याही, आणि परतल्या. पुढच्या जूनमध्ये नवी मुलं आली. त्यांना त्यांनी बाराखडी घोकायला लावली. फरशीवर कुणाचं नाव लिहिलं नाही. अक्षरं जोडून शब्द करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी फळा पुसला आणि पुन्हा अ-आपासून सुरुवात केली. पोरं सुरात म्हणत राहिली. आता कोणालाही खोटं बोलायला सांगावं लागणार नव्हतं.