बॉनेटवरचा पंजा

माझ्या होणाऱ्या नवऱ्याला, रऊफला, कुठलीही वस्तू अर्धवट असेपर्यंतच आवडते. पूर्ण झाली की तो तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणून तो ती पूर्णच होऊ देत नाही. अलेक्झांड्रियात आमच्या मुहर्रम बे भागात त्याच्याइतका हुशार इंजिनिअर नाही म्हणतात. असेल बाई! पण लग्नानंतर राहायच्या आमच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराच्या फरशा त्यानं बसवल्या, उखडल्या, परत बसवल्या, परत उखडल्या. फरशांपायी लग्न एकदा पुढे गेलं. मग बाथरूमच्या नळापायी गेलं. तिसऱ्यांदा गॅलरीच्या कठड्यापायी गेलं, आणि त्या कठड्याला आजही रंग नाही.

माझे बाबा फतहल्लाह, ट्रामचे निवृत्त चालक. वेळ म्हणजे वेळ. तिसऱ्यांदा तारीख हलली तेव्हा त्यांनी रऊफला समोर बसवलं, चहा दिला, त्यात साखर ढवळून दिली आणि शांतपणे सांगितलं, "बेटा, सप्टेंबरातला शेवटचा गुरुवार. आता चौथ्यांदा हलला तर इनासची अंगठी मी स्वतः तुझ्या घरी आणून देईन."

बाबा बोलले की बोलले. नि मला तर हाच मुलगा हवा होता! काय करू? मेला हसतो कसा तर सगळा चेहरा डोळ्यांत गोळा होतो. औषधांच्या दुकानात दिवसभर मी लोकांना गोळ्या देते, पण याच्यावर माझ्याकडे गोळी नाही.

तर असं सगळं असताना, जुलैमध्ये साहेब मला म्हणाले, "वरात जुन्या फियाटमधून काढू या. अकराशे. आजोबांकडे होती तशी, हस्तिदंती रंगाची."

मला आनंदच झाला. म्हटलं, वा! भाड्यानं मिळेल कुठेतरी.

"भाड्यानं कशाला? आपलीच घेऊ. एक बघून ठेवलीय."

ती 'बघून ठेवलेली' कफ्र अल-दव्वारला एका बाईंच्या कोंबड्यांच्या आवारात होती. गाडी कसली, गाडीचं सामान म्हणा. मागच्या सीटवर तीन कोंबड्या अंडी घालत बसल्या होत्या. तळाला इतका गंज की आत बसलं तर पाय जमिनीला लागावेत. रऊफ नवीन शर्टानिशी तिच्याखाली शिरला, नि तिथून त्याचा आवाज आला, "इनास, चेसी सरळ आहे! अगं, काय सुंदर चेसी आहे!" माझ्याबद्दल इतक्या कळकळीनं तो कधी बोलला नव्हता. मी एका कोंबडीकडे बघितलं, कोंबडीनं माझ्याकडे.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"लागून लागून दोन महिने."

रऊफचे दोन महिने मला पाठ होते.

दुसरी गाडी मी शोधली. रुश्दी भागात एका म्हाताऱ्या कंत्राटदाराकडे, तीच अकराशे, तोच रंग, सगळं काम झालेलं. चावी फिरवली की चालू. सीटला नवं लाल कातडं, आरशासारखं बॉनेट. रऊफ तिच्याभोवती नाक मुरडत फिरला. पत्र्यावर नखानं टकटक केली. दार उघडून लावलं, परत उघडून लावलं.

"चांगली आहे," तो म्हणाला. आजारी माणसाची चौकशी करावी तसा.

त्या शुक्रवारी आमच्या बैठकीत पंचायत बसली. बाबा होते, रऊफची आई हाज्जा इतिदाल होत्या, आणि माझे वगदीमामा. मामांनी जन्मभर टॅक्सी चालवली. गाडीचा विषय निघाला की ते कुणाला बोलू देत नाहीत.

"हे बघा जावईबापू," मामा म्हणाले, "मोडकी गाडी घेतली की निदान कळतं काय काय मोडलंय. तयार गाडीत रंगाखाली कुणी काय लपवलंय, देव जाणे. मी असतो तर मोडकीच घेतली असती."

"बघ! मामासुद्धा—" रऊफ उजळला.

"थांब रे. पण मी असतो तर माझं लग्न होऊन नातवंडं झालेली असती. तुझं कुठे झालंय?"

हाज्जा हसता हसता ओढणीआड खोकल्या. रऊफ चिडला. "तयार गाडी म्हणजे दुसऱ्याच्या हातचं जेवण. कुणी मीठ किती घातलं, का घातलं, काही माहीत नाही. आपण एकेक स्क्रू लावला की गाडी आपली होते."

"आणि बायको?" मी म्हटलं. "तिला कधी लावणार स्क्रू?"

"इनास!" हाज्जा म्हणाल्या. पण त्यांना मजा वाटत होती.

बाबांनी बसबूसाचा, म्हणजे रव्याच्या गोड वडीचा, तुकडा संपवला, हात पुसले. "मला गाडीतलं कळत नाही. मला गुरुवार कळतो. मोडकी घेशील तर शेवटच्या गुरुवारी ती रस्त्यावर येईल, असं तू माझ्या डोळ्यांत बघून सांग. मी लगेच हो म्हणतो."

रऊफनं बाबांच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला. मग खिडकीकडे बघितलं. खरं बोलणारा माणूस आहे, तेवढं त्याचं मी मान्य करते.

"तयारच घेऊ," तो पुटपुटला. आणि मी जिंकले म्हणून मला उड्या माराव्याशा वाटल्या.

गाडी ऑगस्टात आली, नि आम्ही सगळे खाली धावलो. खरंच देखणी होती हो! बाजूच्या इमारतीतल्या बायका गॅलऱ्यांत उभ्या राहून बघत होत्या, आणि तेच हाज्जांना खुपलं. "एवढ्या डोळ्यांनी बघितली तर फुटेल ती," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी रऊफ कामासाठी कैरोला गेला, आणि हाज्जांनी खाटकाला बोलावून दारात मेंढा कापवला. मटण गल्लीत वाटलं. मग त्यांनी आपला उजवा हात रक्तात बुडवला आणि बॉनेटच्या बरोबर मधोमध, पाचही बोटं उमटतील असा, पंजा मारला. आमच्याकडे नवी गाडी आली की हे करतातच. टेम्पोवर करतात, मायक्रोबसवर करतात. हाज्जांनी मुलाच्या वरातीच्या गाडीवर केलं, तर त्यात त्यांचं काय चुकलं? वर त्यांनी शपथ घातली, की तीन दिवस कुणी त्याला फडकं लावायचं नाही, नाहीतर दृष्ट दुप्पट लागेल.

भर ऑगस्टाचं ऊन. तीन दिवस. वॉचमन दिवसभर खुर्ची टाकून पंजाची राखण करत बसला.

रऊफ परत आला तेव्हा रक्त वाळून काळं झालं होतं. आईची शपथ मोडायची नाही म्हणून त्यानंही मुदत संपायची वाट बघितली आणि मग धुतलं. रक्त गेलं, पंजा राहिला. वरची चकाकी खाल्ली गेली होती आणि तिथं पाच बोटं फिकट उमटली होती. मग त्यानं पॉलिश घासलं. जरा जास्तच घासलं. अंगठ्याच्या जागी हस्तिदंती रंग निघून आला आणि खालून बाहेर डोकावला पोपटी.

"पोपटी!" मामा ओरडले. "मी सांगितलं नव्हतं?"

रऊफ चिडला असेल असं मला वाटलं होतं. छे! माणसाच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. त्यानं बाह्या वर केल्या होत्या.

"बॉनेट उतरवायचं. सगळा रंग काढायचा. मग तो बाकीच्या गाडीशी जुळायला हवा, म्हणजे मडगार्डही काढावे लागतील. दारंही. इनास, फक्त दोन महिने—"

मग मात्र माझं डोकं फिरलं. भर गल्लीत, गॅलऱ्यांतल्या सगळ्या बायकांदेखत, मी त्याच्या हातातलं फडकं ओढून रस्त्यावर फेकलं.

"तू गाडी दुरुस्त करतोयस की माझ्यापासून पळतोयस? सरळ सांग. पळायचं असेल तर मी आत्ता अंगठी काढते, बाबांना जिने चढायला नकोत."

तो फडकं उचलायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. तसाच म्हणाला, "काम चालू असलं की कुणी नावं ठेवत नाही. म्हणतात, अजून व्हायचंय. झालं की सगळे येतात नि बोट ठेवतात. इथं वाकडं, तिथं वाकडं." मग आणखी हळू, "आपलं लग्न झालं, नि सकाळी उठून तू माझ्याकडे बघितलंस, नि म्हणालीस, 'हाच का तो?', तर?"

"ते मी आत्ताच म्हणते. हाच का तो!"

पण बोलता बोलता मला उमगलं. इतकी वर्षं मी फरशांवर चिडत होते, नि हा बिचारा माझ्या नजरेला घाबरत होता. मी त्याला जवळ घेतलं असतं, पण वर गॅलऱ्या होत्या. म्हणून मी एवढंच म्हटलं, "शेवटच्या गुरुवारी पार्लरमधून न्यायला ये. कशानेही ये. पायी ये. नाही आलास तर मी समजून जाईन." आणि घरी येऊन रडले.

पुढे काय चाललंय ते मी विचारलं नाही. बॉनेट पेंटरकडे गेल्याचं मामांनी सांगितलं, मी कानांवर हात ठेवले.

गुरुवार उजाडला. दुपारपासून मी पार्लरमध्ये, डोक्यात शंभर पिना, अंगावर पांढरा घोळदार झगा. आमच्याकडे नवरीला न्यायला नवऱ्यानंच पार्लरच्या दारात यायचं असतं. त्याच्या येण्याची वेळ झाली. वेळ टळली. बाबा बाहेर फुटपाथवर उभे होते, ट्रामची वाट बघावी तसे, रस्त्याकडे तोंड करून. माझी मेकअपवाली बाई उगाचच पावडर लावत राहिली. मी तिला म्हटलं, "बास कर गं, तोंडाची भिंत होईल."

आणि मग हॉर्न ऐकू आले. लग्नाचे, तालावरचे, एकामागून एक. मी धावले.

फियाट आली होती. बॉनेटशिवाय. इंजिन उघडंबोडकं, थडथडत होतं. टपावर फुलं, आरशांना पांढऱ्या फिती, आणि आत रऊफ, काळा सूट, पांढऱ्या शर्टावर तेलाचे शिंतोडे. मागच्या टॅक्सीतून हाज्जा उतरल्या त्या हाताच्या मुठीत मीठ घेऊन, आणि दृष्ट लागू नये म्हणून सगळं मीठ त्यांनी आमच्यावर आणि त्या उघड्या इंजिनावर भिरकावलं.

"रंग जुळला नाही," रऊफ मला म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. अख्खा रस्ता बघत होता.

"मग?"

"मग काय. तू झालीस ना तयार?"

बाबांनी दार उघडलं, माझा झगा आत कोंबला, आणि घड्याळाकडे बघायचं विसरले.

समुद्राच्या रस्त्यावर आम्ही पोचतो न पोचतो तोच आरशाची फीत सुटली, उडून पंख्यात गेली, काहीतरी खाडकन वाजलं आणि गाडी बंद. मागे सगळी वरात हॉर्न बडवत थांबली. शेजारच्या बसमधले लोक खिडकीतून डोकावून इंजिन बघायला लागले. कुणीतरी ओरडलं, "अरे नवरदेवा, झाकण कुठं विसरलास?"

रऊफचा हात दाराच्या कडीवर गेला. मी त्या हाताकडे बघत होते. तो उतरला असता तर पट्टा बघितला असता, मग प्लग बघितले असते, मग कोट काढला असता, आणि मी समुद्राच्या वाऱ्यात बसून राहिले असते. मी तोंडातून शब्द काढला नाही. फार जड गेलं.

त्यानं कडी सोडली. खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "मामा! ढकला!"

मामा, रऊफचे मित्र, सुटाबुटातले पाहुणे, सगळे गाडीला भिडले. बाबासुद्धा. हाज्जा टॅक्सीतून जीभ वळवून आनंदाचा कल्लोळ करत होत्या. लोक हसत होते, बोटं दाखवत होते, आणि रऊफ एका हातानं स्टिअरिंग धरून, दुसऱ्या हातानं माझा हात धरून, सरळ समोर बघत बसला होता. त्याचा तळवा घामानं भिजला होता. मी तो हॉलच्या दारापर्यंत सोडला नाही.

मौलवीसाहेब कंटाळून दोनदा चहा पिऊन बसले होते. पण लग्न गुरुवारीच लागलं.