नऊ नंबरचा झेंडा

माझा स्वभाव तापट आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. धुळ्यातल्या शाळेत चोवीस वर्षं भूगोल शिकवतोय, तेवढ्या काळात मुलांनी मला काय काय नावं ठेवली ती मला सगळी पाठ आहेत. पण एक गोष्ट कुणीही कबूल करेल. सोनगीरच्या किल्ल्याभोवतीची नकाशा-शर्यत मी सुरू केली, आणि दहा वर्षांत एकही झेंडा चुकीच्या जागी लागला नाही.

शर्यत म्हणजे काय, तर मुलाच्या हातात नकाशा आणि होकायंत्र द्यायचं. माळावर, नाल्यात, टेकडीवर बारा ठिकाणी भगवे-पांढरे झेंडे बांधलेले असतात. ते क्रमानं शोधायचे. प्रत्येक झेंड्याला एक चिमटा लटकवलेला असतो, त्यानं आपल्या कार्डाला भोक पाडायचं आणि पुढे पळायचं. बाराच्या बारा भोकं पाडून जो आधी परत येईल तो जिंकला. यात पळण्यापेक्षा विश्वासाला जास्त महत्त्व आहे. नकाशावर जिथे गोल आहे तिथे झेंडा असलाच पाहिजे. म्हणून माझा नियम होता, नकाशा ज्यानं काढला त्यानंच झेंडे लावायचे, स्वतःच्या हातानं, आदल्या दिवशी. मी दरवर्षी धुळ्याहून सायकलनं सोनगीरला जायचो, बारा झेंडे लावायचो आणि संध्याकाळपर्यंत घरी. शर्यतीची तयारी करून घ्यायला पारोळ्याला शिबिर घ्यायचो, तिथे मुलांना छाती फुगवून सांगायचो, झेंडा सापडत नसेल तर चूक तुमची, कारण तो मी लावलेला आहे.

गेल्या जूनमध्ये ट्रॉलीतून सांडलेल्या वाळूवर माझी सायकल घसरली आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली. चार महिने अंथरूण, मग कुबड्या, मग घरातल्या घरात जागच्या जागी फिरणारी सायकल. त्या सायकलीचा मला इतका राग यायचा की काय सांगू. तासभर पाय मारा आणि उतरून बघा, तर समोर तेच कपाट.

जानेवारीत शर्यत ठरली. डॉक्टरांनी सपाट रस्त्यावर थोडी थोडी सायकल चालवायला हरकत नाही म्हटलं होतं. त्यातलं 'थोडी थोडी' मी सोयीनं विसरलो. प्राचीनं मात्र ते लक्षात ठेवलं होतं. प्राची माझीच विद्यार्थिनी, आता आमच्याच शाळेत खेळ शिकवते. ती म्हणाली की सर, या वर्षी झेंडे मी लावते, तुम्ही फक्त जागा दाखवा. मी तिच्यावर असा काही खेकसलो की शिक्षकांच्या खोलीतले बाकीचे लोक चहाचे कप घेऊन बाहेर गेले. तिला कसं सांगणार की झेंडे गेले की माझं सगळंच गेलं. वर्गात खुर्चीवर बसून शिकवणारा, जिना चढताना कठडा धरणारा म्हातारा सर, एवढाच मी उरलो असतो.

शनिवारी पहाटे उठून पाहिलं, तर कामिनीनं सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा काढून ठेवली होती. बायको बोलत नाही, असं काहीतरी करते. मी पंप काढला आणि हवा भरली. ती दारात उभी राहून बघत होती. मग पाण्याची बाटली आणून सायकलला अडकवली आणि आत गेली.

आता एक गंमत सांगतो, म्हणजे तेव्हा मला ती गंमत वाटत होती. मला सायकल चालवता येत होती, पण चढता येत नव्हतं. उजवा पाय सीटवरून पलीकडे टाकण्याइतका वर जातच नाही. घराच्या ओट्यावर उभं राहायचं, सायकल खाली धरायची आणि अलगद बसायचं. उतरतानाही तसंच. ओटा असला की मी सायकलस्वार, नाहीतर नुसता सायकल धरून उभा असलेला माणूस.

तरी वीस किलोमीटर गेलो. हायवेच्या कडेकडेनं, ट्रकांचे हॉर्न खात, पण गेलो. सोनगीरच्या पाटीपाशी मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. गावातल्या पाराला टेकून उतरलो आणि सायकल हातात धरून, तिच्यावर भार टाकत एकेक झेंडा लावत सुटलो. पहिले आठ झाले. किल्ल्याच्या पायथ्याचे शेवटचे तीन झाले. दुपारचे तीन वाजले होते आणि राहिला होता नऊ नंबर.

नऊ नंबर नाल्याच्या पलीकडे, चिंधाभाऊच्या शेताच्या बांधावर, बोरीच्या झाडाला. सगळ्यात सुंदर जागा ती. नाला तिथे वळतो आणि वळणावर मुलं हमखास गोंधळतात. नाला कोरडा होता, पण उतार ठिसूळ मुरुमाचा. सायकल आडवी ठेवली आणि दोन पावलं उतरलो. तिसऱ्या पावलाला गुडघा वाकेना. बसकण मारली ती घसरत घसरत दहा फूट खाली. लागलं काही नाही, पण वर येताना हातापायांवर रांगत आलो. वर येऊन बसलो आणि पाय थरथर थरथर करत होता, मी दोन्ही हातांनी दाबून धरला तरी थांबेना. समोर ती बोर दिसत होती. शंभर पावलंसुद्धा नव्हती.

तेवढ्यात मोटरसायकलवर चारा लादून चिंधाभाऊ आला. दहा वर्षांची ओळख आमची. दरवर्षी मी त्याच्या बांधावर झेंडा बांधतो, तो येईपर्यंत थांबतो, त्याला नकाशा दाखवतो आणि म्हणतो, चिंधाभाऊ, मुलांचा खेळ आहे, उद्या दुपारी काढून नेतो. तो म्हणतो, न्या सावकाश. या वर्षी मी त्याच्या हातात झेंडा आणि चिमटा दिला आणि म्हटलं की दरवर्षीच्या जागी एवढा बांधून टाका.

"मी?" तो म्हणाला.

"मग कोण? तुमच्याच तर बांधाला बांधायचा आहे."

तो झेंड्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग बरं सर म्हणाला, मला सायकलवर बसवलं, मागून धरून ढकलत पार रस्त्यापर्यंत आणून सोडलं. मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. घरी पोचलो तेव्हा पाय सुजला होता, आणि कामिनीनं विचारलं तर मी म्हणालो, बाराच्या बारा.

रविवारी सकाळी शाळेच्या टेम्पोतून मी आणि माझी सायकल सोनगीरला पोचलो, आणि प्राची कागद घेऊन आली. त्यावर दोन सह्या लागतात, एक लावणाऱ्याची आणि एक फिरून तपासणाऱ्याची. ती म्हणाली, सर, मी पटकन एक चक्कर मारून येते. मी म्हणालो, "मी लावलेत म्हणजे लावलेत. सही कर." तिनं मान खाली घातली आणि सही केली.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतली साठेक मुलं आली होती. आठ वाजता एकेक करून सुटली. मी शेवटच्या रेषेपाशी, मंडपात, प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून बसलो होतो. साडेनऊला पहिली मुलगी आली आणि रेषा न ओलांडताच थांबली. बोदवडची ऋतिका, आठवीतली. गेल्या वर्षी माझ्या शिबिराला होती. मी सांगितलेलं सगळं वहीत लिहून घ्यायची, मी केलेले विनोदसुद्धा. तिच्या कार्डाला अकरा भोकं होती. धापा टाकत म्हणाली, "सर, नऊ नंबर तिथे नाही."

आता सांगा, त्या क्षणी मला स्वतःचाच संशय यायला हवा होता की नाही? आला नाही. राग आला. सगळ्या मंडपासमोर, इतर शाळांच्या शिक्षकांसमोर, एक पोरगी मला सांगते की झेंडा नाही.

"झेंडा तिथेच आहे," मी म्हणालो. "डोळे उघडे ठेवून शोध. सापडल्याशिवाय येऊ नकोस."

ती हो सर म्हणाली आणि वळून पळाली.

मग पारोळ्याची दोन मुलं आली, अकरा भोकं. मग धुळ्याचा एक, अकरा. मग चार आली, चौघांना नऊ नंबर नाही. आता मात्र मी नाल्याच्या दिशेनं बघायला लागलो. प्राची माझ्याजवळ येऊन वाकली आणि हळूच म्हणाली, "सर, नऊ तुम्हीच लावलाय ना?"

"लागलाय तो," मी म्हणालो.

अकराला शर्यत बंद झाली. सगळी मुलं मोजली, एक कमी. ऋतिका.

प्राची आणि आणखी तिघं शिक्षक शोधायला गेले. नाला लांबलचक आहे, पुढे त्याचे दोन फाटे होतात, आणि मधे वेड्या बाभळींचं रान. मला सगळं माहीत, नकाशा माझाच, पण मी खुर्चीत. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. बोदवडच्या शिक्षिका सारख्या मला विचारत होत्या की सर, तुम्ही तिला कुठे पाठवलंत. मला बसवेना. मी त्याच खुर्चीवर उभा राहिलो, खुर्ची लटपटत होती, दोघांनी धरली, आणि सायकलवर बसलो. कुणी अडवलं नाही. मला अडवायची कुणाची छातीच नाही, हीसुद्धा माझीच कमाई.

रस्ता संपून गाडीवाट लागते तिथपर्यंत गेलो. पुढे फुफाटा. चाक रुतलं आणि मी डावा पाय टेकला. तो टेकला तो टेकलाच. पुढे सायकल हलेना आणि मला उतरता येईना. ओटा नाही, दगड नाही, धरायला झाड नाही. भर उन्हात, दोन पायांमध्ये सायकल घेऊन मी वाटेच्या मधोमध उभा. हाक मारायचा प्रयत्न केला. आवाजही धड निघाला नाही.

तिथे मला चिंधाभाऊ भेटला. पोरगी हरवल्याचं ऐकून तो मोटरसायकलनं येत होता. मी त्याला झेंड्याचं विचारलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"झेंडा गायरानमा शे, सर," तो म्हणाला. गायरान म्हणजे सरकारी माळ, त्याच्या शेतापासून चांगला तीन-चारशे मीटर लांब. "तुम्ही उभा ऱ्हातस तं भेव नही वाटत. पन मीच मना वावरमा झेंडा कसा लावू?"

आणि मला आठवलं. रस्त्याच्या मोजणीला असेच रंगीत झेंडे त्याच्या शेतात लागले होते आणि त्या झेंड्यांच्या आतलं पाऊण एकर गेलं होतं. हे त्यानंच मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं. म्हणून तर मी दरवर्षी थांबत होतो, नकाशा दाखवत होतो, उद्या काढून नेतो म्हणत होतो. आणि काल त्याच्याच हातात झेंडा देऊन त्याच्याच जमिनीत लावायला सांगून मोकळा झालो. त्याला मला नाही म्हणता आलं नाही. मला नाही म्हणता येत नाही कुणालाच. जा, म्हणालो, वरच्या फाट्याला बघा. तो गेला. मला उतरवून जा, हे सांगायचं राहिलंच.

साडेबाराच्या सुमारास नाल्याकडून दोघी येताना दिसल्या. प्राचीनं तिला खांद्याला धरलं होतं. ऋतिकाच्या दोन्ही हातांवर काट्यांचे ओरखडे, बाही फाटलेली, ओठ सुकलेले. पण चालत होती. देवा, चालत होती. तीन तास ती त्या वळणापासून वरच्या फाट्याच्या बाभळींपर्यंत एकेक झाड मोजत फिरली होती. प्राचीनं हाका मारल्या तेव्हाही ती यायला तयार नव्हती, झेंडा सापडला नाही म्हणून.

माझ्यासमोर येऊन ती उभी राहिली आणि तिला रडू फुटलं.

"सॉरी सर. मला नकाशाच वाचता येत नाही. मी पुढच्या वर्षी नाही येणार."

"अगं, ऐक," मी म्हणालो. "झेंडा तिथे नव्हताच. तू बरोबर होतीस. तो मी लावलाच नाही, मला नाला उतरता आला नाही. मी दुसऱ्याला दिला आणि सगळ्यांना खोटं सांगितलं."

प्राचीनं डोळे मिटून घेतले. ऋतिकानं मात्र नाक पुसलं आणि माझ्याकडे बघून जरासं हसली. मोठी माणसं लहान मुलाचं मन राखायला काही सांगतात तेव्हा मूल जसं समजूतदारपणे हसतं, तसं.

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय ना, सर?" ती म्हणाली. "मला माहितीय. तुम्ही स्वतः लावल्याशिवाय झेंडा लागतच नाही. माझ्या वहीत आहे."

मी पुन्हा सांगितलं. शप्पथ घेऊन सांगितलं. ती मान हलवत राहिली. मग तिचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं, सायकलकडे गेलं. ओरखडलेल्या हातांनी तिनं हँडल घट्ट पकडलं.

"उतरा सर," ती म्हणाली. "मी धरते."