उत्तर प्रलंबित

त्या बाईंचं पत्र येऊन चार महिने झाले होते आणि मास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. विसरले असते तर गोष्ट वेगळी. ते रोज सकाळी पत्र उघडायचे, वाचायचे आणि पुन्हा शब्दकोशात ठेवून द्यायचे.

मास्तर म्हणजे निवृत्त ग्रंथपाल. युद्ध सुरू झालं, माणसं नाहीशी व्हायला लागली, तेव्हा त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. प्रत्येकाचं एक कार्ड केलं: नाव, वय, कोणी नेलं, शेवटचं कोणी पाहिलं. पुस्तक नेलं की परतीची तारीख पडते, मग माणसाला का नको, एवढाच त्यांचा मुद्दा. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेने त्यांना 'मानवी हक्क कार्यकर्ते' म्हटलं, तेव्हा लाजेने ते दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

पत्र सीमेजवळच्या एका गावातून आलं होतं. 'माझा मुलगा आहे की नाही तेवढं कळवा. नसेल तर मी लेकीकडे निघून जाते. असेल तर इथेच थांबते. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं, तर काय वाटेल त्याला?'

मुलगा जिवंत होता. मासळीबाजारामागच्या शीतगृहात त्याला कोंडलं होतं. तिथून सुटलेल्या एका सुताराने सांगितलं होतं. पण खरं कळवावं तर बाई तोफगोळ्यांखाली वाट बघत बसणार. खोटं कळवावं तर जिवंत माणसाचं कार्ड मेलेल्यांच्या खणात घालायचं. शिवाय शीतगृहाचं नाव काढलं की मास्तरांची रवानगीही तिथेच. आणि येत्या शनिवारी शहर सोडणाऱ्या गाडीत त्यांना आणि त्यांच्या बहिणीला महत्प्रयासाने दोन जागा मिळाल्या होत्या.

मंगळवारी दुपारी दार वाजलं. बाहेर बगलेत पिशवी धरलेला एक नीटनेटका माणूस.

"मी टपाल तपासणीतून आलोय. तुमची पत्रं मी वाचतो."

"बसा," मास्तर म्हणाले.

"काका, हे बरं नव्हे," तपासनीस म्हणाला. "आलेल्या पत्राला गेलेलं पत्र जोडल्याशिवाय आमची फाइल बंद होत नाही. चार महिने तिच्यावर 'उत्तर प्रलंबित' लिहिलंय. साहेब रोज विचारतात, कट शिजतोय का म्हणून. मी सांगतो, कट कसला, माणूस आळशी आहे."

"आळशी नाही, भित्रा आहे," सामान बांधता बांधता बहीण आतून म्हणाली. "लग्नाला होकार द्यायलाही दादाने असाच वेळ लावला. त्या मुलीला आता नातवंडं झाली."

"मग लिहू काय?" मास्तरांनी विचारलं.

"काहीही लिहा. बंदी असलेले शब्द तेवढे टाळा."

"कोणते शब्द?"

"यादी गुप्त आहे."

दोघे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. मास्तर लिहीत होते, तपासनीस खांद्यावरून बघत होता.

"'थंडी' चालणार नाही."

"का?"

"ते मला सांगता येत नाही. पण तुम्हाला कळलं असेलच. 'मासळी' पण काढा."

"मग बाजारात जाऊन मागायचं काय?" बहिणीने विचारलं.

"बोटाने दाखवायचं, ताई. आम्ही तसंच करतो."

'दार' गेलं, 'मुलगा' गेला, 'थांबू नका' गेलं. चार वाजता कागदावर उरलं, 'सप्रेम नमस्कार. कळावे.'

"आटोपशीर झालंय," तपासनीस समाधानाने म्हणाला. त्याने कच्चा कागद फाइलला जोडला आणि कोऱ्या पाकिटावर 'तपासले' असा शिक्का उमटवला. "आता पक्की प्रत करा आणि टाका. पाचला पेटी उघडतात. तोवर मी चहा घेतो."

शिक्का मारलेलं रिकामं पाकीट मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग पक्की प्रत करायला बसले आणि लिहून गेले ते असं:

'तुमचा मुलगा जिवंत आहे. मासळीबाजारामागच्या शीतगृहात आहे. तिथे फार थंडी आहे, पण त्याच्या अंगात स्वेटर आहे. तुम्ही लेकीकडे जा आणि तिचा पत्ता मला कळवा. तो सुटला की तो पत्ता त्याला सांगायला मी इथेच थांबतो. उशीर माझ्यामुळे झाला.'

खाली त्यांनी पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला, पाकीट चिकटवलं. मग राहवेना.

"साहेब, मी वेगळंच लिहिलंय. तुमची नोकरी जाईल."

तपासनीसाने कप खाली ठेवला. "शिक्का आहे ना त्यावर?"

"आहे."

"म्हणजे मी वाचलंय. वाचलेलं पत्र पुन्हा वाचायला लेखी परवानगी लागते." त्याने फाइल पुढे ओढली. "थंडी आहे त्यात?"

"आहे."

"मासळी?"

"तीही आहे."

त्याने फाइलची नाडी बांधायला घेतली. गाठ तिसऱ्या खेपेला बसली. "पुढच्या नाक्यावर कधीकधी उघडून बघतात," तो म्हणाला. "पण तिथला माणूस शिक्क्याला फार मानतो. चहा छान होता, ताई." आणि तो निघून गेला.

"नक्की काय लिहिलंस?" बहिणीने विचारलं.

"शनिवारी मी येत नाहीये."

"मला विचारलंस?"

"नाही."

बहिणीने बांधलेल्या गाठोड्याकडे पाहिलं. मग खाली बसली आणि त्यातून एकेक पातेलं बाहेर काढू लागली. "जा, टाकून ये," ती म्हणाली. "पाच वाजतील."

कोपऱ्यावरच्या पेटीपुढे रांग होती. मास्तरांचा नंबर आला. अर्धं पाकीट पेटीत, अर्धं हातात, असे ते उभे राहिले. जिवंत म्हणजे त्या सुताराने पाहिलं त्या दिवशी जिवंत. आज आहे का? 'होता' लिहायला हवं होतं का?

"आजोबा," मागचा माणूस म्हणाला, "टाकताय की राखण करताय?"

मास्तरांनी पत्र सोडलं.