जाते म्हणून गेलेली पाहुणी

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. सध्या माझा मुक्काम जिन्याखालच्या अडगळीत, एका मोडक्या पंख्याशेजारी आहे. डाव्या चाकाचे आरे तुटले आहेत आणि पाठीचे रेक्झिन फाटले आहे. तरी मित्रांनो, कीव करू नका. माझे दिवस वाया गेले नाहीत.

माझा जन्म एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. वेल्डरने माझ्या नळ्या जोडल्या आणि त्याच्या बायकोने माझी बैठक शिवली. रंगाचा वास जायच्या आत मी या केंद्रात आले. पाठीच्या कण्याला मार बसलेली माणसे इथे राहून नव्याने जगायला शिकतात. मी गवंडीदादांच्या वाट्याला आले.

दादा बांधकामाच्या परांचीवरून पडले होते. कमरेखाली त्यांना काही जाणवत नव्हते. धाकट्या भावाने त्यांना इथे आणले आणि "पुढच्या आठवड्यात येतो" म्हणून तो निघाला, तो पुन्हा फिरकलाच नाही. सुरुवातीला दादा दाराकडे डोळे लावून असत. मग एके दिवशी त्यांनी आयामावशीला सांगून पलंग भिंतीकडे फिरवून घेतला आणि बोलणे टाकले. मी कोरी करकरीत असूनही माझ्यावर टॉवेल वाळू लागले.

अशातच ती आली. समुद्रापलीकडच्या देशातून, पगार न घेता काम करायला. व्यायामाने शरीराला पुन्हा कामाला लावायचे शिक्षण तिने घेतले होते. तिचे नाव कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून सगळे तिला पाहुणी म्हणू लागले. आमची भाषा ती धडपडत बोलायची. पहिल्याच सकाळी माझ्यावरचा टॉवेल उचलून ती दादांना म्हणाली, "हा खुर्ची तुझी वाट बघतो."

भिंतीकडून आवाज आला, "हा नाही. ही खुर्ची."

कित्येक आठवड्यांनी दादा बोलले होते. दारातली मावशी हातातली बादली घेऊन तशीच उभी राहिली.

त्या दिवसापासून दोघांची शिकवणी सुरू झाली. ती त्यांना पलंगावरून गुळगुळीत फळीवरून सरकत माझ्यावर यायला शिकवी. ते तिला क्रियापदे शिकवीत. दादा घामाघूम होत, चिडत, फळी फेकून देत. ती फळी उचलून आणी आणि म्हणे, "परत." दादांचे दंड भरले, तिची भाषा सुधारली, पलंगही दाराकडे वळला. संध्याकाळी ती मला ढकलत त्यांना अंगणात नेई आणि दादा समोरच्या इमारतीचे प्लास्टर कसे भिकार आहे ते तिला सांगत.

पण कामाची मुदत संपतेच. पाहुणीच्या परतीचे तिकीट आले. तिने सगळ्यांना सांगितले, फक्त दादांना नाही.

"त्याला कधी सांगणार?" मावशीने विचारले.

"मला नाही जमत, मावशी. मी गुपचूप निघते."

मावशी चादरीची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "त्याचा भाऊ निदान तोंड दाखवून गेला. तू तेवढंही करणार नाहीस?"

दुपारी पाहुणी पलंगाच्या कडेला बसली आणि तिने सांगून टाकले. दादा फक्त "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी पलंग पुन्हा भिंतीकडे फिरला. पाहुणीने मनधरणी केली नाही. ती रोज येऊन शेजारच्या स्टुलावर बसे, माझ्या चाकांना तेल देई आणि जाई.

निघायच्या सकाळी फाटकाशी टॅक्सी उभी होती. सगळे अंगणात जमले. खोलीत आम्ही दोघेच उरलो. दादांनी बराच वेळ छताकडे पाहिले. मग त्यांनी फळी ओढली, ते एकट्याने सरकत माझ्यावर आले आणि माझी चाके फिरवू लागले. दारापुढचा उतार जमला, पण अंगणातल्या खडीत मी रुतले. पाहुणी धावत आली आणि तिने सवयीने मागून मला धरले.

"हात काढ," दादा म्हणाले. "मी तुला सोडायला आलोय. सोडायला येणाऱ्याला कोणी ढकलत आणतं का?"

तिने हात काढले. आम्ही दोघांनी खडीशी झटापट केली आणि फाटक गाठले.

आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. मावशीने तिला ते पढवून ठेवले होते. ती वाकून म्हणाली, "येते, दादा."

"येशील?"

तिने हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "घरी आई एकटी आहे. बहुतेक नाही जमणार."

"मग जाते म्हण. वाट बघायला लावू नकोस."

"जाते," ती म्हणाली. दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली. टॅक्सी वळणाआड गेल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि मला स्वतः मागे वळवले. त्या दिवसानंतर पलंगाचे तोंड दाराकडेच राहिले.

पाहुणी परत आली नाही. तिचे फोन मात्र येत. दादा पुढे टाइल्सच्या दुकानात कामाला लागले. त्यांना हलकी, नवी खुर्ची मिळाली. मी आणखी कितीतरी जणांना वाहिले आणि मग इथे आले.

मित्रांनो, वरच्या खोलीत नवीन बाई आल्या आहेत. त्यांच्यासाठी अजून खुर्ची मिळालेली नाही, असे मावशी जिन्यात कोणाला तरी सांगत होती. माझे आरे बदलले, पाठ शिवली, तर मी चालेन. मला बाहेर काढा. अजून एका माणसाला दारापर्यंत न्यायचे बळ माझ्यात आहे.