ताण दिलेली बाग

पाटपाण्याच्या श्रीरामपुरातून सुप्याला नांदायला आलेल्या सत्यशीलेला उन्हाळ्यात सासऱ्यांची पेरूची बाग बघवेना. चांगला बहर यावा म्हणून मच्छिंद्रनानांनी झाडांचं पाणीच तोडलं होतं. पानं पिवळी पडून गळत होती. हे कसलं काळीज, म्हणत तिनं घरामागच्या एका झाडाला रोज चोरून हंडाभर पाणी घातलं.

दिवाळीला सगळी बाग फळांनी वाकली. एवढं सोसून इतकं फळलेल्या झाडांकडं ती बघतच राहिली. तिचं झाड मात्र नुसतंच पानांनी गच्च.

"नाना, त्याला मी पाणी घातलं," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"म्हाईत हाय. रोज बघत हुतो."

मग पेरू तोडणाऱ्या बायांना नानांनी हाळी दिली, "भाकरी सोडा गं! सूनबाईच्या झाडाखाली या, सावली तिथंच हाय."