दसऱ्याला मला मिळालेला आराम

मी एक जुना फ्रीज आहे, मित्रांनो. बुलढाण्याच्या एका फार्मसी कॉलेजात, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात उभा असतो. रंग उडालाय, दार खालून गंजलंय, पण थंडावा अजून पक्का आहे बरं! तरुणपणी दवाखान्यात लसी सांभाळल्या, तेव्हा काय मान होता माझा! मग नवा फ्रीज आला आणि मी अडगळीत पडलो. कित्येक वर्षं माझ्यावर नुसते खोके रचलेले होते.

तिथून मला रेणुकाने सोडवलं. वडनेर भोलजीची ही पोरगी औषधांवर संशोधन करते. पोटाचं स्कॅन काढण्याआधी रुग्णाला पाजायचं, दुधासारखं एक औषध ती बनवत होती. ते प्यालं की आतड्याच्या घड्या स्पष्ट दिसतात. पण तेल आणि पाणी घुसळून एक केलेलं औषध ते, थंडावा सुटला की दोघांचं बिनसतं. माझ्या पोटात ते ठरलेल्या मुदतीपर्यंत टिकलं, तरच दिवाळीनंतर दवाखान्यात त्याची चाचणी होणार होती. मुदत संपतच आली होती.

दसऱ्यासाठी रेणुका आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर निघाली. जाताना प्रयोगशाळेतल्या चिंतामणकाकांना तिने बजावलं, की काही झालं तरी फ्रीजचं दार उघडू नका. काका शब्दाचे पक्के.

दसऱ्याच्या सकाळी ते झेंडूचे हार घेऊन आले. सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावलं. माझ्यापुढे तर नारळ फोडला. मी हरखूनच गेलो. मग काकांनी माझ्यावर हात ठेवला. "बारा महिने राबतं बापा तू, आज आराम कर," म्हणाले, आणि प्लग काढून घरी गेले. दाराला बोटसुद्धा लावलं नाही.

मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडू कशाने? बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापलं. गारवा आधी वरच्या खणातून गेला, मग खालच्या. बाटल्यांना घाम फुटला आणि मी मेला नुसता पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी काकांनी प्लग लावला. दुपारी रेणुका आली, तोवर माझ्यावरचा तापमानाचा आकडा पुन्हा जागेवर आला होता. तो आत्ताचं सांगतो, कालचं नाही. तिने बाटल्या उजेडात धरल्या. तेल सुटलेलं दिसलं नाही, तशी ती खुलली. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता.

काकांनी तिच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. "तुमच्या फ्रीजलेही काल सुट्टी देल्ली, मॅडम," ते कौतुकाने म्हणाले. "दिवसभर बंद ठेवला."

रेणुकाने पानं टेबलावर ठेवली. थंडावा एकदा सुटला की औषध वरून चांगलं दिसलं तरी भरवशाचं राहत नाही, हे तिने समजावलं, तेव्हा काकांचा चेहरा उतरला.

"बाटल्या तं चांगल्याच दिसून राह्यल्या," ते हळूच म्हणाले. "कोणाले कळणार हाये?"

रेणुकाने एक बाटली पुन्हा उजेडात धरली. दिवाळीनंतरची चाचणी हातची जाणार, हे तिला कळत होतं.

"काका, पोट दुखून राह्यलेला माणूस हे पिणार हाये," ती म्हणाली. "त्याच्या पोटात हे फाटलं, तं मी त्याले काय सांगू? दसरा होता म्हणून?"

तिने एकूण एक बाटली बाहेर काढून रिकामी केली. काका बेसिनपाशी उभे राहून त्या धूत राहिले. चाचणी गेली, आणि रेणुकाने सारं पहिल्यापासून मांडलं.

मित्रांनो, मला हार घाला, कुंकू लावा, मला आवडतं ते. पण प्रेमापोटीसुद्धा आराम देऊ नका. मी आराम करतो, तेव्हा माझ्या पोटात कोणाचं तरी औषध नासत असतं.