सगळ्यांच्या पुढे

बायपास झालेल्या माणसाला ठाण्यात सल्ल्यांची ददात पडत नाही. वरच्या मजल्यावरच्या आजोबांपासून खालच्या इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांनी आनंदकाकांना बजावून झालं होतं की आता डोंगर विसरा. काका प्रत्येकाला 'हो हो' म्हणत आणि लिफ्ट चालू असली तरी जिन्याने वर येत. शेवटी डॉक्टरच कंटाळले. "बेताने जा," म्हणाले. त्यातलं 'बेताने' काकांनी दवाखान्यातच सोडलं आणि 'जा' तेवढं घरी आणलं. श्रावणातल्या एका रविवारी पहाटे ते बूट घालून दारात हजर.

जायचं होतं मुरबाडच्या पुढे, उतरंडीच्या धबधब्याला. तिथला डोंगर म्हणजे एकावर एक साचलेले लाव्हाचे काळे थर. पाणी त्या थरांवरून टप्प्याटप्प्याने खाली येतं, म्हणून गावाने त्याला मडक्यांच्या उतरंडीचं नाव दिलेलं. नेणारं मंडळही काकांचंच. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात ड्राफ्ट्समन असताना कॅन्टीनमध्ये चार टाळकी जमवून त्यांनी 'रविवार मंडळ' काढलं होतं. आता ते क्षिप्रा चालवते. वय तिशीच्या आतबाहेर, आवाज मात्र पन्नाशीच्या मुख्याध्यापिकेचा.

काकांनी मनाशी एक ठरवून ठेवलं होतं, आणि ते सरोजकाकूंनाही सांगितलं नव्हतं. आज आपल्यामुळे कोणाचा खोळंबा झाला, तर मंडळाला कायमचा रामराम. लोकांच्या गळ्यातलं लोढणं होऊन डोंगर चढण्यापेक्षा गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलेलं काय वाईट? वाईटच होतं. पण ठरलं ते ठरलं.

पायथ्याच्या गावात गाडी थांबली. सवयीप्रमाणे काका ओळीच्या शेपटाला जाऊन उभे राहिले. इतकी वर्षं त्यांची जागा तीच होती. म्होरक्याने मागे राहायचं, म्हणजे कोणी मागे राहत नाही, असं त्यांचं साधं गणित. पण क्षिप्रा आली आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना पार पुढे घेऊन गेली.

"काका, आज वाट तुम्ही दाखवायची."

काकांची छाती, टाके धरूनसुद्धा, दोन इंच फुगली. संस्थापकाचा मान! त्यांनी काकूंकडे असं पाहिलं की काकूंना हसू आवरेना.

वाट सुरेख होती. दोन्हीकडे भातखाचरं, मग करवंदीच्या जाळ्या, मग नुसता ओला काळा कातळ. काकांच्या मागे केदार होता. त्याला दगडांचं वेड.

"काका, हे सगळं साडेसहा कोटी वर्षांपूर्वी रटरटत होतं. एक थर थंड झाला की वर दुसरा."

"आणि काही काही नग अजून थंड व्हायला तयार नाहीत," मागून काकू म्हणाल्या. ओळभर खसखस पिकली. काकाही हसले आणि त्या निमित्ताने जरा उभे राहिले. दम लागला होता, पण हसताना तो कोणाला दिसत नाही.

चढ लागला. काका दहा पावलं टाकत, थांबत, मागे वळून काहीतरी माहिती सांगत. त्यांच्या मते ते म्होरक्याचं काम चोख करत होते. अशा पाच-सहा माहित्या सांगून झाल्यावर अक्षदाने तोंड उघडलं. पोरगी डोंबिवलीची, पहिल्यांदाच आलेली, हरणासारखी तुरुतुरु चालणारी.

"काका, एक विचारू? मी घाटात कधीची तुमच्या पुढे गेली असती. पण क्षिप्राताई बोलली, काकांच्या पुढे कोणी जायचं नाही. असं का ओ?"

"त्याचं कारण असं आहे," काकांनी तोंडभर सुरुवात केली, "की आमच्या मंडळाचा नियमच आहे..."

आणि तिथेच त्यांची जीभ अडखळली. नियम त्यांनीच केला होता. सगळ्यांत हळू चालणारा सगळ्यांत पुढे. त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं, त्याला ओलांडायचं नाही. आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून त्याच्या कानात सांगायचं, आज वाट तुम्ही दाखवायची. हे वाक्य त्यांनी स्वतः किती जणांना ऐकवलं होतं! स्थूल बॉसना, दम्याच्या अकाउंटंटना, कोणाच्या सासऱ्यांना. सगळ्यांच्या छात्या अशाच फुगल्या होत्या आणि काका मागून गालातल्या गालात हसले होते.

त्यांनी मागे पाहिलं. वळणावळणाने अख्खी ओळ उभी होती. कोणी बुटाची नाडी बांधत होतं, कोणी फुलाचा फोटो काढत होतं. इतक्या नाड्या एकदम सुटत नसतात.

काका कडेच्या कातळावर बसले.

"तुम्ही व्हा पुढे. मी इथेच बसतो. येताना घ्या मला."

"काका, दुखतंय का कुठे?" क्षिप्रा धावत वर आली.

"काही दुखत नाही. मला समजलंय सगळं. जा तुम्ही."

क्षिप्राने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग सॅक खाली ठेवली. "चला रे, डबे काढा. आज धबधबा इथेच."

आणि खरोखर सगळे बसले, भुरभुरत्या पावसात, चिखलात. डबे उघडले. केदारने थालीपीठ फिरवलं. अक्षदाने डोक्यावर छत्री धरून शिरा खाल्ला.

"अरे, वेडे आहात का?" काका भडकले. "इथवर येऊन धबधबा न बघता परत जाणार?"

"नियम आहे ना," क्षिप्रा तोंडात घास घेऊन म्हणाली. "पुढच्याला ओलांडायचं नाही."

आपल्याच हाताने बांधलेल्या गाठीत माणूस अडकला की त्याला रागावताही येत नाही धड. काका पायाशी बघत बसले. काकू येऊन शेजारी टेकल्या.

"तुला माहीत होतं?" काकांनी विचारलं.

"आनंद, हे वाक्य तू पहिल्यांदा कोणाला ऐकवलंस, आठवतंय?"

आठवत होतं. सहकाऱ्याची बहीण. लग्नाआधीच्या पावसाळ्यात आलेली, प्रत्येक चढाला धापा टाकणारी सरोज.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मी पुढे का आहे ते," काकू म्हणाल्या. "तरी लग्नानंतरही कित्येक वर्षं पुढेच चालले की नाही? कधी म्हटलं, मी खोळंबा करते, मी नाही येत?"

"का नाही म्हटलंस?"

"ते इथे बसून सांगण्यासारखं नाही. ऊठ."

काका उठले. मागे डब्यांची झाकणं खडाखड लागली. यावेळी त्यांनी कोणाला माहिती सांगितली नाही. दम लागला की थांबले, उघड थांबले, आणि ओळ थांबली. पाण्याचा घुमणारा आवाज वाढत गेला. शेवटचं वळण आलं, कातळाच्या एका मोठ्या थराला वळसा घालणारं. काका वळले.

समोर उतरंड होती. वरपासून खालपर्यंत, थरावरून थरावर फुटत येणारं पांढरं पाणी, आणि मध्ये कोणी नाही. ना कोणाचं डोकं, ना उंचावलेला मोबाईल. काका इथे कितीदा आले असतील, पण दर वेळी लोकांच्या खांद्यांवरून त्यांनी पाण्याचे तुकडेच पाहिले होते. पूर्ण धबधबा असा असतो, हे त्यांना आज कळत होतं. तुषारांनी चेहरा भिजला. त्यात डोळ्यांचं पाणी किती, याचा हिशेब लावायची गरज नव्हती.

मग त्यांच्या लक्षात आलं, मागून कोणी आलंच नाही. ते वळणापाशी परत गेले. सगळे कातळाआड गुपचूप उभे, शाळेच्या रांगेसारखे.

"या ना. थांबलात का?"

"पुढच्याला जरा वेळ एकट्याला द्यायचा," काकू म्हणाल्या. "हा नियम तुझा नाही. आम्हा हळू चालणाऱ्यांचा आहे. पहिल्यांदा मी धापा टाकत इथे पोचले तेव्हा मागच्यांना हात करून थांबवलं होतं. तेव्हापासून चालत आलाय."

"मला वाटायचं, शेवटच्या वळणावर सगळे दम खातात!"

"तू शेवटी असायचास. तुला कोण सांगणार? सांगितलं असतं तर तू माझी जागा घेतली असतीस."

काका हसायला लागले, मोठ्याने, टाक्यांची पर्वा न करता. हे सगळं आपण लोकांना दिलं, आणि आपल्याला पत्ताच नव्हता. आज ते फिरून आपल्याकडे आलं, तेही आपण हळू झालो म्हणून. क्षिप्रा, केदार, मघाशी चिखलात शिरा खाणारी ती अक्षदा, प्रत्येकाचे पाय धरावेत असं त्यांना वाटून गेलं. 'रामराम'चा विचार कुठल्या कुठे गेला.

त्यांनी काकूंपुढे हात केला. "चल."

"नियम मोडतोयस."

"माझा नाहीये तो नियम."

काकूंनी हात धरला. दोघं वळसा घालून पुढे गेली, पाण्यासमोर उभी राहिली. आवाज इतका होता की काकांना तिच्या कानाशी तोंड न्यावं लागलं.

"थँक यू, सरोज," ते म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे तिला कधी म्हणायचं राहूनच गेलं होतं.

मागे, कातळाआड, अजून कोणी हललं नव्हतं.